तीन नंबरचं पान

यावलच्या गुलशेर बँडच्या वहीत
तिसऱ्या पानावर जी चाल आहे
तिला सगळे फिनेल मार्च म्हणतात.
वरात नाक्यावर अडली, घोडी बिचकली,
की मास्तर तीन बोटं वर करतात.
घोडी लगेच पाऊल धरते.

पान छापील, कडेला वाळवी.
भुसावळच्या रेल्वे बँडमधला कोणी डिमेलो
निवृत्त होऊन गोव्याला निघाला
तेव्हा मास्तरांच्या बापानं
केळीचा घड देऊन ते मागून घेतलं.
साठ वर्षं वाजवलं,
वरची बारीक इंग्रजी कोणी वाचली नाही.

परवा जळगावला शिकणाऱ्या अफरोजनं वाचली :
फिनलंडचे घोडेस्वार. तीस वर्षांची लढाई.
मग मोबाइलमध्ये शोधून सांगत बसला,
बुटके घोडे, बर्फाच्या नद्या,
राजा स्वीडनचा, लढाई जर्मन मुलखात,
आणि हे स्वार "हाणा, तोडा" ओरडत घुसायचे
आपल्या बोलीत.
राजाच्या दरबारात ती बोली चालत नव्हती.
पुढे जर्मन पलटणींनीच ही चाल उचलली,
पितळेत ओतली, तिला नंबर दिला.
रचली कोणी, ते कुठंच नाही.

नसीरमामानं ट्रॉम्बोनमधली थुंकी झटकली.
"राजा दुसऱ्याचा अन् मरनारे आपले.
ही तर धरणगावची गोष्ट झाली भो."

कोणी हसलं नाही.
धरणगावला साहेबाची भिल्ल पलटण होती,
मास्तरांचा खापरपणजा तिच्यात शिपाई.
डिंक वेचायला आईनं दाखवलेल्या
सातपुड्यातल्या वाटांनी
त्यानं साहेबाला वर नेलं,
आणि येताना भावकीतले सात जण
एका दोरीत.
त्याचा बिल्ला मास्तरांकडे आहे,
क्लॅरिनेटच्या पत्त्यांच्या डबीत, तळाशी.
घरात त्याबद्दल बोलत नाहीत.

त्या रात्री साकळीला वरात.
नवरदेवाचा मामा शंभराची नोट नाचवत
कोळीगीत मागत होता.
मास्तरांनी तीन बोटं वर केली
आणि चाल इतकी संथ धरली
की ढोलवाला दोनदा चुकला,
अफरोज माझ्याकडे बघायला लागला.
मयतीला वाजवतात तशी.
मी सूर लांबवत राहिलो, श्वास पुरेना.

घोडीनं फक्त कान मागं केले
आणि जुन्याच तालात, खटखट,
आम्हाला मागे टाकून
नवरदेवासकट पुढे निघून गेली.