थंड काकवी

आमच्या शास्त्रातही तिला काकवीच म्हणतात,
खोटं नाही.
सहा बाजूंनी सहा लेझर, मधे रुबिडियमची चिमूटभर वाफ,
आणि अणू चालायला लागतात
काकवीत पाय रुतलेल्या मुंगीसारखे.

दादांना हे सांगितलं तेव्हा
ते वडणग्याच्या गुऱ्हाळावर काहिलीशी उभे,
भेंडीचं पाणी सोडून मळी काढत होते.
"काकवी, आन् गार?"
एवढंच म्हणाले.

मोकळा अणू सेकंदाला तीनशे मीटर पळतो.
समोरून प्रकाश मारायचा,
पण रंग जरासा उतरता ठेवून,
म्हणजे अंगावर धावून येणाऱ्यालाच तो लागतो,
उभ्याला नाही.
एक धक्का म्हणजे बैलाला माशी.
पण सेकंदाला लाखो माश्या
आणि सगळ्या तोंडावरच.

भांडं उद्यमनगरातलं.
शमशुद्दीनभाईंनी तीनदा कातलं,
तिसऱ्यांदा गळलं नाही.
आत काय ठेवणार, त्यांनी विचारलं.
काही नाही, मी म्हणाले,
आणि ते जवळजवळ खरं होतं.

मग लेझर बंद.
उरते चुंबकाची वाटी, न दिसणारी,
तिचा काठ आम्ही हळूहळू उतरवतो.
तापलेले अणू काठावरून उडी मारून जातात,
राहिलेले एकमेकांना धडकत निवतात.
इथे दादांनी पहिल्यांदा मान हलवली.
"म्हंजी वाफ जाऊ द्यायची.
पर बेतानं. घाई केलीस की गेलं."
घाई केली की आमचंही जातं.
उशीर केला, तर बाहेरचा एखादा उनाड अणू
आत शिरून सगळं उधळतो.

मंगळवारी पहाटे तीनला,
विद्यापीठाच्या तळघरात,
पंपाच्या घरघरीत,
शून्याच्या वर अंशाचा एक कोटीवा भाग.
लाखभर अणू, आणि त्यातला कोण कुठे संपतो
हे विचारण्यात अर्थ उरला नव्हता.
सापळा सोडला, सावलीचा फोटो घेतला.
फोटो घेतला की ते संपतं.
दर वेळी पहिल्यापासून.

"हातात काय ऱ्हातंय मग?"
मी मोबाईल पुढे केला.
त्यांनी धोतराला हात पुसले,
दोन बोटांनी ठिपका मोठा केला,
बराच वेळ बघितला.
"वजन किती भरलं?"

मी मनात शून्यं मोजायला लागले.
तेवढ्यात पाकाची गोळी जमली
आणि ते पोरांवर ओरडत वळले,
उतरवा, उतरवा काहील.