घड्याळ अजून तिकडचं

परत येऊन अकरा दिवस झाले.
एरंडवण्यातल्या फ्लॅटच्या पॅसेजमध्ये
मोठी बॅग अर्धी उघडी पडलीय,
चाकांत वाळवंटातली लाल माती,
कुंदा म्हणते, पुसू नकोस एवढ्यात.
मनगटावरचं घड्याळही मी मागे केलेलं नाही.
पहाटे साडेतीनला टक्क जाग येते.
तिकडे ॲडलेडला साडेसात.

टेकडीवर सगळे विचारतात, काय काय पाहिलंत?
सांगतो.
पर्थला भाचीकडे सहा दिवस,
तिच्या धाकट्याने पहिल्याच संध्याकाळी
दिगंबरआजोबांचं ‘डिग्स’ करून टाकलं.
समुद्रात उभे ते बारा खडक,
मी मोजले तर सात, कुंदाने मोजले तर आठ,
मेलबर्न येईपर्यंत गाडीत तोच वाद.
अंधार पडताना पाण्यातून वर येणारे पेंग्विन,
बँक सुटल्यावर निघाल्यासारखे,
घाई नाही, पण वाटेत कुणाशी बोलणंही नाही.
चहा सव्वातीनशे रुपयांचा.
(शेवटी कुंदाने गुणाकारावर बंदी घातली.)
दांडेकर हसतात, पुढच्या वळणापर्यंत पुरतं एवढं.

मालूताईचं मात्र सांगत नाही.

माझी आतेबहीण. चौऱ्याहत्तर साली गेली.
तिकडच्या पोरांना तीस वर्षं इंग्रजी शिकवलं तिने,
त्यांचीच भाषा, त्यांनाच, लाल शाईने.
आता ते सगळं पुसलं गेलंय.
उरलं आहे ते नारायण पेठेतलं, परकरातलं मराठी.
मला बघून म्हणाली, नळ गेला का रे?
मग, कढीपत्ता आणलास?
आणला होता गं. चार काड्या, ओल्या फडक्यात.
विमानतळावरच्या मुलीने हातमोजे घालून
फार अदबीने त्या डब्यात टाकल्या,
सॉरी म्हणाली, आणि मेतकूट हुंगून परत दिलं.
मेतकूट-भात मालूताईने दोनदा मागून घेतला.

तिला सांभाळायला लिएन असते, व्हिएतनामची.
तिला ‘नको’ कळतं, ‘बास’ कळतं,
‘जरा थांब’ तर ती आपल्यापेक्षा गोड म्हणते.
भांडी विसळता विसळता तिने मला विचारलं,
रात्री त्या एकच शब्द हाका मारतात, सारखा,
मी औषध देते, पाणी देते, दिवा लावते,
तरी तोच.
आहो.
ही काय वस्तू आहे? कुठे मिळेल?

मी चाळीस वर्षं हिशेब तपासले,
ऑडिटच्या अहवालात अडलो नाही कधी.
तिथे अडलो.
सर्वनाम म्हणू? संबोधन? अव्यय?
भाऊजींना जाऊन नऊ वर्षं झाली, हे म्हणू?
कुंदाने माझ्या हातातलं फडकं घेतलं
आणि तिच्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं,
नाव आहे ते. तिच्या नवऱ्याचं.
लिएनने मान हलवली.
त्या रात्री भिंतीपलीकडून ऐकू आलं,
अहो,
आणि मग लिएनचा आवाज, हळू,
शब्द जुळवत जुळवत:
अहो झोपले. तू पण झोप.

कुंदा मला लग्नापासून दिगू म्हणते.
सासूबाईंसमोरसुद्धा म्हणाली,
त्यावरून आमच्याकडे एक दिवाळी अबोल्यात गेलेली.

काल टेकडीवर मी जरा पुढे निघालो होतो,
घड्याळात पाहत, तिकडे आता दहा, तिचा नाश्ता झाला असेल,
तर मागून आवाज आला,
अहो, थांबा की.

मी वळलो.
दांडेकर वळले.
एक अनोळखी गृहस्थ कानातलं गाणं काढून वळले,
बाकावरचे दोघे अर्धवट उठले.

कुंदा बुटाची नाडी बांधत होती,
वर न पाहता म्हणाली,
तुम्ही नाही, तो.