सत्तावीस इंच

मे महिन्याची सतरा तारीख. हिंगणा एमआयडीसी, शेड नंबर नऊ.
पत्र्याखाली शेहेचाळीस.
टेस्ट बेंचवर तीन पंप, आणि त्यातला एक मला निवडायचाय
मी कधीच न पाहिलेल्या झाडांसाठी.

गिऱ्हाईक कॅनडाचं. त्याचं पत्र टेबलाच्या काचेखाली आहे:
उतारावर बाराशे मेपल,
या खोडापासून त्या खोडापर्यंत निळ्या नळ्या.
रात्री गोठतं, दिवसा वितळतं, तेव्हा झाडातून पाणी उतरतं.
किंचित गोड.
चाळीस बादल्या आटवल्या की एक बादली पाक.
पंपाने नुसतं ओढत राहायचं,
सत्तावीस इंच,
सहा आठवडे.

पहिला तेलाचा, पात्यांचा. सुई झर्रकन अठ्ठावीसवर.
मी मुद्दाम ओली हवा सोडली आत.
तासाभरात काचेतलं तेल
पाणी घातलेल्या दुधासारखं.
दुसरा कोरडा, नख्यांचा. सुंदर मशीन.
किंमत ऐकून साहेब चष्मा पुसायला लागले,
आणि किंकाळी अशी, की बाजूच्या शेडमधला वेल्डर
काच वर करून बघायला आला.
तिसरा पाण्याच्या कड्याचा. बिडाचा, बुटका, काळा.
चुकून घोटभर रस आत आला
तरी गिळून पुढे चालणारा.

मला हाच आवडला.
सुई मात्र पंचविसावर अडली.

निनावेकाकांनी उदबत्ती पेटवली.
एकेका जोडाजवळ धरत गेले, डोळे बारीक करून,
देवाला ओवाळावं त्याहून हळू.
धूर सरळ वर. सरळ वर. सरळ वर.
चौथ्या फ्लँजपाशी तो वाकला
आणि बोल्टाखाली शिरला.
नवा गास्केट. पुन्हा सुरू.
साडेपंचवीस.

स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून मी बेअरिंग ऐकलं.
ठणठणीत.
मग टाकीत बोट बुडवलं.
चहा निवत ठेवल्यासारखं पाणी.
आत पोकळी व्हायला लागली
की ती भरायला हेच पाणी वाफ होऊन धावतंय.
त्यात आपण समुद्रापासून हजार फूट वर,
मुळात हवाच थोडी हलकी मिळालेली.

काका म्हणाले, "मॅडम, माहा बाप शिंदी उतरवे.
गोरेगावकडं. मडकं बांधे संध्याकाळी,
पहाटं काढे.
झाड देईन तेवढंच.
हे असं ओढलं तं
झाडाले दुखत नसन काय?"

पत्रात तसं काही लिहिलेलं नाही.
पत्रात लिहिलंय की भोक बोटाच्या पेराएवढंच खोल पाडतात,
आणि पुढच्या वर्षी जुन्या भोकाजवळ पाडत नाहीत.
मी तेवढं वाचून दाखवलं.
काका "हं" म्हणाले.
ते पटल्याचं "हं" नव्हतं.

दुपारी तीनला रिक्षातून बर्फाच्या दोन लाद्या आल्या,
पोत्यात, भुश्यात, निम्म्या रस्त्यातच सांडलेल्या.
स्टोअरवाल्या पराते यांनी व्हाउचरवर कारण विचारलं.
मी लिहिलं: थंडी.

लाद्या टाकीत सोडल्या.
पोरं पाणी प्यायच्या निमित्ताने जमली,
कुणी मनगट बुडवलं, कुणी मानेला हात लावला.
कॉम्प्रेसरवाला बारई खडा तोंडात टाकून उभा राहिला
आणि मी ओरडले नाही.
सव्वीस.
पंपाचा आवाज बदलला, घोगरा गेला, आता भरीव.
साडेसव्वीस.
सुई थरथरली, जशी झोपेत पापणी.

सत्तावीस.

मी वेळ टाकली: तीन वाजून चाळीस.
एक तास धरायची होती.
तासभर कुणी पंख्याखाली गेलं नाही.
बंद झडपेमागे बारीक नळीच्या टोकाला
काकांनी बादली ठेवली होती साध्या पाण्याची,
झाडाऐवजी.

चार चाळीसला मी झडप उघडली.
हवा आत शिरली, लांब, एका दमात,
आणि सुई शून्यावर आली.

रिपोर्टात पाण्याचं तापमान लिहिलं, पंधरा.
बाहेरच्या हवेचा रकाना होता.
शेहेचाळीस लिहिताना वाटलं,
तिकडे वाचणारा याला छपाईची चूक समजेल.
म्हणून अक्षरातही लिहिलं.

काका उरलेला बर्फ पोत्यात बांधत होते.
घरी नातू आहे म्हणाले,
आणि सायकलला अडकवून निघाले,
मागे रस्त्यावर थेंबाथेंबाची रेघ,
गेटपर्यंत तरी दिसत होती.