आठवा स्क्रू

पाळण्याचे आठ स्क्रू जॅमच्या बरणीत ठेवले होते.
परवा मोजले, तर सातच.
आठवा फाटकाच्या बिजागरीत सापडला.
तार्मो, तू काही बोलला नाहीस,
मीही नाही.

लीसी हल्ली बाहुलीला बहीण म्हणते,
की तू लगेच उठून चुलीत लाकूड सारतोस,
चूल धडधडून पेटलेली असतानाही.

तुझं ‘इतक्यात नको’ कुठलं आहे, ठाऊक आहे मला.
गोठलेल्या समुद्रावरच्या रस्त्यावरचं,
वोर्म्सी ते हापसालू, पाच वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी.
मी मागच्या सीटवर कळा सोसत होते
आणि तिथला नियम असा, की पट्टा बांधायचा नाही,
थांबायचं नाही,
बर्फ फुटलाच तर दार उघडता यायला हवं.
तू दार अर्धं उघडं धरूनच गाडी चालवलीस,
डावा हात बाहेर, मोज्याविना.
त्यातली दोन बोटं अजून थंडीत पांढरी पडतात.

मी तो रस्ता विसरले.
बाईला विसरता येतं म्हणे.
तुला नाही आलं.

मला एकोणचाळिसावं लागलं.
तुला माहीत आहे,
तरी सांगते, भांडी विसळताना, पाठमोरी.

यंदा समुद्र गोठला नाही,
फेरीबोट रोज येते-जाते.
काल झोपताना तू म्हणालास,
‘फाटकाला दुसरा स्क्रू आणतो.
तो उगाच लावला मी.’

एवढंच.
कधी आणशील,
ते मी विचारलं नाही.