साक्षीदार क्रमांक एकोणीस

यंत्र चालू आहे ना, फादर? लाल दिवा दिसतोय.
मग घ्या: झुल्मीरा, वय एक्याऐंशी,
मठाच्या धोबीघरात बावीस वर्षं,
सिस्टर दिओलिंदाच्या हाताखाली.
हाताखाली म्हणजे अगदी हाताखालीच.
ओल्या टॉवेलचा पिळा दोनदा बसलाय माझ्या पाठीत.

तुम्हाला चमत्कार हवेत, ठाऊक आहे.
बिशपांचं पत्र रविवारी वाचून दाखवलं सगळ्यांना.
घोरायची ती. तेही राहू द्या त्यात.
पत्त्यांत लबाडी करायची, बदामची राणी बाहीत,
आणि पकडली की उलट आपल्यावरच डाफरायची.
जिवंतपणी तिचं कुणाशी दोन दिवस पटलं नाही,
आता अख्ख्या बेटाच्या स्वप्नात येते.

राखेचं विचारता?
समुद्रातून आग वर आली, त्या वर्षीचं?
म्हणे राख मठाच्या भिंतीपाशी थांबली.
कोण म्हणतं, आदेलायदा? ती तर तेव्हा अमेरिकेत,
मासळीच्या कारखान्यात डबे भरत होती.
राख थांबली नाही, फादर.
वाळत घातलेल्या एकशे चाळीस चादरींवर पडली.
अंगणातून मी नऊ टोपल्या भरून काढल्या.
बाकीच्या सिस्टर चॅपलमध्ये गुडघ्यांवर,
आणि ही दोरीखाली उभी, धुराकडे बघून
अशा शिव्या, की कोळ्यांनीसुद्धा क्रुसाची खूण केली.
मग बाह्या सारल्या. म्हणाली, पाणी तापव.
तिसऱ्या दिवशी परत राख.
परत, पाणी तापव.

आता ते बंद करा जरा.
थांबा, दिवा पुरता विझू दे.

सतरा वर्षांची होते मी.
सात महिने एप्रनखाली झाकलं होतं,
आणि एका रात्री धोबीघरातच, हौदामागे…
ते रडलंच नाही.
ती कंदील घेऊन आली. एक शब्द विचारला नाही,
जिला हरवलेल्या प्रत्येक मोज्याचा हिशेब लागायचा तिनं.
उशीचा अभ्रा काढला, धुऊन धुऊन मऊ झालेला,
त्यात गुंडाळलं.
हायड्रेंजियाच्या कुंपणाखाली स्वतः खणलं.
बाप्तिस्म्याला पाणी कुठलं? तांब्यात होतं तेच,
नीळ घातलेलं.
नियमात बसत नाही, मला कळतं.
तिलाही कळत होतं.
नाव काय ठेवलं, ते तुम्हाला सांगणार नाही.

पहाटे दोरीवर सगळ्या चादरी सारख्या.
त्यातली माझी कुठली, शोधूनही सापडली नाही.
पुढे कितीतरी वर्षं त्यांच्या घड्या घालताना
हात उगाच एकेका कोपऱ्याशी थांबायचा.

ही काचेची डबी कशाला, अवशेषांसाठी?
हाड नाही माझ्याकडे, केस नाही.
तिचा एक लाकडी चिमटा आहे, स्प्रिंग ढिली झालेला.
रोज लागतो मला. देणार नाही.

हं, लावा परत यंत्र.
पुतळा करणार असाल तर हात पांढरे करू नका.
कोपरापर्यंत लाल, भेगाळलेले,
सोड्यानं सोललेले.
आणि राख, फादर…
लिहा, की राख पडली.