तीन आकडे

उद्योग भवनाच्या मागं, झेरॉक्सच्या दुकानावर
आमचा सर्व्हर. एसी एकच, तोही गळतो.
खाली मुंजाजीनं तेलाचा रिकामा डबा लावलाय.
आज सराव परीक्षेचा निकाल,
अकरा हजार पोरं, वेळ रात्री नऊची.

नऊ वाजून चार मिनिटांनी लॉगमध्ये एकच ओळ,
पुन्हा, पुन्हा, पुन्हा:
जोडण्यांची मेमरी संपली.

सरांचा फोन. "दैवशालाबाई, रॅम तर अर्धी मोकळी दिसायलीय!"
मोकळी आहे सर, पण जोडण्यांचा वाटा संपलाय.
कर्नल त्यापुढं देत नाही.
"कोण कर्नल?"

मागच्या महिन्यात ही मर्यादा मीच उडवली होती.
जोडण्या फुगल्या, डेटाबेस मेला,
आणि सगळ्यांना अगदी समान मिळालं:
काहीच नाही.

म्हणून आता तीन आकडे.
कर्नल मोजतो पानांत. चार केबीचं एक पान.
हा शब्द मला कुणी शिकवावा लागला नाही.
हाडोळतीला सप्त्याच्या शेवटच्या दिवशी
गणपतमामा दारात उभा राहून पानंच मोजायचा.
इतक्या पानांपर्यंत, बसा निवांत.
इतक्यानंतर वाढप्यांना डोळ्यानं खूण, हात आवरा.
आणि त्याच्याही पुढं दोन्ही हात चौकटीला लावून:
ही पंगत उठू द्या.
कोणी शिव्या दिल्या तरी हलायचा नाही.
चुलीवर किती उरलंय
ते त्या घरात त्यालाच ठाऊक असायचं.

मी यादी उघडली. पान अडवून कोण बसलंय?
शहरातली पोरं आली, बघितलं, गेली.
उरली किनवटची, सेनगावची, जळकोटच्या तांड्यांवरची,
टॉवरची एक काडी धरून
छपरावर, लिंबाच्या पारावर उभी असतील.
त्यांच्याकडं पाठवलेलं पोचल्याची पोच येत नाही,
आणि पोच येईपर्यंत
कर्नल काही टाकून देत नाही,
परत मागितलं तर द्यायला
जपून ठेवतो.
जेवढं नेटवर्क हळू, तेवढी पानं जास्त.

मुख्तार म्हणाला, "अर्ध्या मिनिटावरची उडव ना.
एक कमांड."
कमांड मला येते.
बोट एंटरवर होतं.

मग मी पाहिलं आम्ही काय वाढतोय ते.
निकालाचं पेज नऊशे केबीचं!
मार्क एका ओळीत, वर मात्र
गेल्या वर्षीच्या सत्तावीस गुणवंतांचे फेटे घातलेले फोटो.
सेनगावची पोरगी स्वतःच्या मार्कांआधी
सत्तावीस फेटे उतरवून घेत बसली होती,
आणि आम्ही म्हणत होतो, ही उठत का नाही.

फोटो काढले. पेज सहा केबी.
एका जोडणीला सोळाच पानं, वर एकही नाही.
सर ओरडले, जाहिरातीचं काय.
फोन मुंजाजीकडं दिला.

साडेदहाला आकडा मधल्या रेषेखाली आला.
सर्व्हर श्वास बिस घेत नाही,
पंखे तेवढे हळू झाले.

एक वाजला. अजून एक जोडणी लटकलेली.
मोबाईल बंद पडला असेल, किंवा झोप लागली असेल
निकाल न बघताच.
दोन पानं अडलीत.
राहू देत.

मुंजाजी डबा रिकामा करायला गेलाय.
तोवर ठिबकतंय ते
मी ओंजळीत धरलंय.