चालक-मालक

बोईसर स्टेशनबाहेर बाबांची रिक्षा.
मागच्या काचेवर पिवळ्या अक्षरांत:
वामन मेहेर, चालक-मालक.
मधली आडवी रेघ त्यांनी
पेंटरला दहा रुपये जास्त देऊन जाड करून घेतली,
बँकेचा शेवटचा हप्ता फिटला त्या संध्याकाळी.

इथे, रुवैसच्या पुढे,
जिथे रस्त्याच्या कडेला नुसतं मीठ उरतं,
फॉर्मवर दोन वेगळ्या चौकटी आहेत.
मालक: एक कंपनी, तिच्यात दुसरीचा वाटा,
त्या वाट्यात आणखी कुणाचा तरी.
चालक: तिसरीच.
मी चौथीचा. मला चौकट नाही.

माझी पाळी समुद्राकडच्या जाळ्यांवर.
अणुभट्टी मी आतून पाहिलेली नाही,
तिची तहान तेवढी ओळखतो.
ऑगस्टात पाणी अंघोळीइतकं कढत,
आणि रात्री दोननंतर झार येतो,
घमेली घमेली, काचेसारखा,
कुणाच्याही नावावर नसलेला.
जाळी तुंबते. फोन वाजतो.
दाब उतरतोय, किती आहेत?

फोनवर मोजा असते. लिवाची, सव्वीस वर्षांची,
कंट्रोल रूमचं लायसन्स ताजं ताजं.
आमच्या भाषेत तुझं नाव म्हणजे हुकूम, मी एकदा सांगितलं.
मग तूच मोज, म्हणाली.
एकदा चहाच्या वेळी तिनं खिडकीतून बोट दाखवलं:
त्या खांबापाशी आजोबांचे उंट बसायचे.
म्हणजे जागा तुमचीच की!
ती कप धूत राहिली.
माझ्याकडे खटके आहेत, म्हणाली, बारा तास.

महिनाअखेर छातीवरचा बिल्ला परत करायचा.
बिल्लाही त्यांचाच.
पण त्यानं टिपलेला किरणांचा आकडा
माझ्या नावावर चढतो,
कंपनी बदलली तरी, देश बदलला तरी मागोमाग येतो.
गहाण पडत नाही, विकता येत नाही,
पोरीच्या नावे करता येत नाही.
या एवढ्या काँक्रीटमध्ये
सातबारा निघालाच माझा, तर एवढाच.

बाबांना सांगितलं, या महिन्याचा शून्य आला.
मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.
शून्य म्हणजे चांगलं की वाईट?
चांगलं, बाबा.
मग हप्ता फिटला का रे?